निरोगी माणसांचे पोहे

बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त यंत्रात सोडलं, की मिनिटभरात यकृताच्या आजाराचं निदान कागदावर उमटतं, याचं आता डोंगरातल्या पाड्यांनाही अप्रूप राहिलं नव्हतं. ज्या रक्तनमुन्यांवरून हे थेंबयंत्र शिकलं, ते डॉ. इंदुमती सबनीस यांनी सहा वर्षं खपून जमवले होते. पण यंत्र शिकतं कसं, हे मात्र त्यांना नीटसं ठाऊक नव्हतं. म्हणूनच निवृत्तीला वर्ष उरलं असताना त्या जीवशास्त्रज्ञांसाठीच्या प्रशिक्षणवर्गात येऊन बसल्या होत्या.

वर्ग शिकवणाऱ्या, त्यांच्या निम्म्या वयाच्या तेजल वाघचौरेने सरावासाठी नेमके त्यांचेच नमुने निवडले.

"मॅडम, यंत्राला आजार म्हणजे काय ते कळत नाही. आजारी आणि निरोगी अशा दोन ढिगांत जो फरक सापडेल, तो ते धरून बसतं. आपण रक्तातली एकेक खूण झाकू आणि ते कधी गडबडतं ते बघू."

"म्हणजे माझी चोरी पकडणार तू!" इंदुमतीबाई हसल्या.

यकृताच्या साऱ्या खुणा झाकल्या, तरी यंत्र अचूकच सांगत राहिलं. मग एक क्षुल्लक द्रव्य झाकलं, आणि ते आंधळ्यासारखं चाचपडू लागलं.

"हे तर उपाशी शरीर चरबी जाळू लागलं की वाढतं," इंदुमतीबाई पुटपुटल्या. "याचा आजाराशी काय..."

"रुग्णांचं रक्त कधी घेतलंत?"

"रुग्णालयात. सकाळी सातला, अनशापोटी."

"आणि निरोगी माणसांचं?"

"ते आमच्याच कॉलेजातले लोक. त्यांना मी आधी पोहे द्यायचे. रिकाम्या पोटी कुणाचं रक्त काढणं जिवावर यायचं माझ्या."

"झकास असायचे पोहे, मॅडम!" मागून त्यांचे सहकारी ओरडले. वर्ग हसला. तेजल हसली नाही.

"तुमचं यंत्र आजार ओळखतच नाही, मॅडम. ते भूक ओळखतं."

पाड्यांवरच्या शिबिरांत या यंत्राने दोनशे चौदा बायकांना आजारी ठरवलं होतं. तीन आठवडे त्यांना औषध चालू होतं, आणि ते निरोगी यकृताला सोसणारं नव्हतं. इंदुमतीबाईंनी व्हरांड्यात येऊन शिबिराच्या डॉ. पाडवींना फोन लावला.

"औषध आत्ताच्या आत्ता थांबवा. चूक माझी आहे. तसं लिहून देते मी."

"एवढी खात्री आहे, मॅडम?"

"आहे. यंत्र फक्त उपाशी माणूस ओळखतंय. तपासणीला अनशापोटी या, असं सांगितलं असेल ना तुम्ही?"

"नाही हो. शिबिर दुपारी तीनला असायचं. उलट बजावलं होतं, जेवूनच या म्हणून."

आत वर्गात अजून पोह्यांचीच चेष्टा चालली होती. इंदुमतीबाईंनी लिहून देण्यासाठी पर्समधून कागद काढला, भिंतीवर टेकवला. 'यंत्राचं निदान चुकीचं आहे' एवढंच लिहायचं होतं. औषध तर थांबलंच पाहिजे. पण भर दुपारी उपाशी सापडलेल्या त्या दोनशे चौदा बायकांना काहीच झालेलं नाही, असं लिहायचं कोणत्या तोंडाने?