चार वाजून दहा मिनिटांनी

जिना चढताना माझ्या हातात अकरा वर्षांचा संगणक होता, चादरीत गुंडाळलेला. बाहेर पाऊस, लिफ्ट बंद, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक माणूस मला वाट देत भिंतीशी सरकलेला. चादरीकडे बघून तो हळूच म्हणाला, "किती महिन्यांचं?"

"अकरा वर्षांचं," मी म्हटलं. "शहाणं आहे. अनोळखी माणसांशी बोलत नाही."

"मग पंचाईत आहे. तुम्ही त्याला माझ्याकडेच घेऊन चाललाय."

त्याने खिशातून किल्ली काढून समोरचं दुरुस्तीचं दुकान उघडलं. त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं, की हा माणूस काढलेला प्रत्येक स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवतो आणि ऐकताना मान थोडी डावीकडे कलती करतो. दुसरी गोष्ट मी इतक्या लवकर का टिपली, ते विचारू नका.

मी सांगून टाकलं. बाबांना जाऊन पाच महिने झाले. जन्मभर ते घरातल्या सगळ्यांचे व्हिडिओ काढत राहिले आणि ते सगळे या एकाच संगणकात होते. तेव्हापासून आई गरजेपुरतंच बोलत होती... 'हो', 'नको', 'ठेव तिथे'. रविवारी दादा तिला आपल्याकडे न्यायला येणार होता. त्याआधी मला बाबांच्या आवाजाची एक छोटी फिल्म करायची होती. आई बोलेल, एवढीच आशा होती. पण तीन मिनिटांचा तुकडा कापायला घेतला की संगणक बसकण मारायचा.

"आणखी एक," मी म्हटलं. "हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या. तो रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आपोआप सुरू होतो. कोणी हात लावत नाही. तो सुरू झाला की आई उठून आतल्या खोलीत जाते आणि दार लावून घेते."

तो हसला नाही. झाकण काढून त्याने आतली धूळ पुसली, वायर आणि दुकानातली स्क्रीन जोडली, मशीन सुरू केलं आणि कान लावला. डिस्कमधून आवाज येत होता. टक... टक... थांबून पुन्हा टक.

"ही फार दिवसांची सोबती नाही. आधी हिची प्रत काढतो, मग बाकीचं. चार जीबीची रॅम सोळा करू, डिस्कच्या जागी एसएसडी टाकू, व्हिडिओपुरतं एक ग्राफिक्स कार्ड आहे माझ्याकडे. प्रोसेसर राहू दे. या बोर्डावर याहून मोठा बसणार नाही." त्याने मशीन बंद केलं, वायर तशीच राहू दिली. "चहा घेणार?"

चहा ओतला जात असताना पंखा घरघरला. हिरवा दिवा लागला. त्याचा एक हात किटलीवर होता, दुसरा कपावर, आणि मी तर चार हात लांब होते. भिंतीवरच्या घड्याळात चार दहा झाले होते. स्क्रीन उजळली आणि बाबांनी लावलेलं आमच्या खिडकीचं चित्र समोर आलं. 

मी त्याची बाही घट्ट धरली होती, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. त्याच्या आधीच आलं असावं. पण त्याने हात हलवला नाही.

"गजर आहे," तो म्हणाला. सेटिंग उघडून त्याने दाखवलं. "मशीनला रोज ठरल्या वेळी उठायला सांगता येतं. तुमच्या बाबांनी सांगून ठेवलंय."

"पण का?"

"ते मशीनला माहीत नसतं... आता बाही सोडलीत तरी चालेल. नाही सोडलीत तरी चालेल म्हणा."

मी सोडली. थोडी सावकाश.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज त्या दिवशीसारखा नव्हता. "येऊन जा. एक फोल्डर सापडलाय."

फोल्डरमध्ये एक्केचाळीस व्हिडिओ होते. सगळे बाबांच्या शेवटच्या, आजारपणाच्या वर्षातले, सगळे चार दहानंतर लगेच काढलेले. प्रत्येकात तेच दृश्य होतं. खिडकीजवळची आईची खुर्ची, रिकामी. आई तेव्हा त्या वेळी शिवणवर्गात शिकवायला जायची; बाबा गेल्यावर तिने ते सोडलं. खिडकीचा पडदा हलायचा आणि कॅमेऱ्यामागून बाबांचा आवाज यायचा. "आलीस? बस." मग बराच वेळ काहीच नाही. मग, "हो ना, मलाही तसंच वाटलं." पुन्हा शांतता. आणि प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी एकच वाक्य. "झालं. आता तू बोल."

बाबा रोज दुपारी रिकाम्या खुर्चीशी बोलत होते, आणि खुर्ची त्यांना उत्तर देत असल्यासारखे मधेमधे थांबत होते. आजाराने डोक्यावर परिणाम झाला होता का? आणि आम्हाला कोणालाच ते कळलं नव्हतं?

संगणक घरी आला तो तरणाबांड होऊन. एका बैठकीत मी एक्केचाळीस व्हिडिओ कापले. मधल्या शांतता मला सहनच होत नव्हत्या. त्या सगळ्या काढून टाकल्या, वाक्याला वाक्य जोडलं, सुरुवातीचं आणि शेवटचं एकेकदाच ठेवलं. बाबा छान, सलग, शहाण्या माणसासारखे बोलायला लागले. बारा मिनिटांची फिल्म तयार झाली.

शुक्रवारी शाळेत शिकवून येऊन मी पर्स ठेवते न ठेवते तोच पंखा घरघरला. चार दहा. मी जागच्या जागी थिजले. बोर्डावरचा छोटा सेल बदलला, त्यामुळे गजरासकट जुनी सगळी सेटिंग पुसली गेली, असं त्यानेच मला सांगितलं होतं. आई उठली आणि आत गेली. दार लागलं.

मी फोन लावला. "डॉक्टर, तो परत उठलाय."

पलीकडून उत्तर आलं, "पुसलं गेलं होतं. मीच परत लावलं. तुमच्या बाबांची वेळ... मला काढून टाकवली नाही. आधी विचारायला हवं होतं."

"हो, हवं होतं," मी म्हटलं. का कोण जाणे, मला हसू येत होतं. "शिक्षा म्हणून आत्ता या. फिल्म बघा."

तो भिजत आला. त्याने मान डावीकडे कलती करून पूर्ण फिल्म ऐकली आणि विचारलं, "मधल्या जागा कुठे गेल्या?"

"कापल्या. रिकाम्या होत्या."

"नव्हत्या हो." तो खुर्ची ओढून समोर बसला. "प्रत घेतली की मी प्रत्येक फाइल शेवटपर्यंत चालवून बघतो. सवय आहे. काम करता करता ऐकत होतो. बाबा म्हणाले, 'चहा झाला का?' मी आपला बोलून गेलो, झाला. तर ते म्हणतात, 'आणि मला विचारलंही नाहीस.' माझ्या हातातला स्क्रू खाली पडला. दुकानात मी एकटा होतो." त्याने स्क्रीनकडे बोट केलं. "त्या जागा मोजून ठेवलेल्या आहेत. उत्तराला लागतील एवढ्याच. फक्त उत्तर द्यायचं ते माणूस मी नाही."

मला रडू कोसळलं. बाबांच्या डोक्यावर परिणाम वगैरे काही झाला नव्हता. आपण गेल्यावर आई गप्प होणार, हे त्यांना एक वर्ष आधी कळलं होतं. आणि मी त्या सगळ्या जागा कापून टाकल्या होत्या.

"कापलेलं परत आणता येतं," तो म्हणाला. "मूळ फाइलला धक्का लागलेला नाही. या, बसू."

आम्ही शेजारी शेजारी बसून एकेक शांतता परत जोडली. फिल्म बारा मिनिटांची चाळीस मिनिटांची झाली.

शनिवारी चारला मी आईला तिच्या खुर्चीत बसवलं आणि तिचा हात धरून ठेवला. डॉक्टर दाराशी उभा होता. चार दहाला पंखा घरघरला तसा आईचा हात गार पडला. मी फिल्म लावली. स्क्रीनवर तीच खुर्ची, रिकामी.

"आलीस? बस."

आई गप्प. दुसऱ्या जागेतही गप्प. मग बाबा म्हणाले, "माझा चष्मा बघितलास का?"

शांतता. पडदा हलला.

"डोक्यावर असेल," आई म्हणाली. पाच महिन्यांत तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

"अरे, डोक्यावरच की," बाबा म्हणाले.

मी डॉक्टरकडे बघितलं. तो पांढराफटक पडला होता. आई मात्र जराही दचकली नाही. तिने माझा हात सोडवून घेतला, पदर सारखा केला आणि बोलायला लागली. बाबा विचारत होते, ती उत्तर देत होती, मधेच रागवत होती, आणि प्रत्येक वेळी तिचं वाक्य संपलं की मगच बाबा बोलत होते. एकदाही आवाजावर आवाज चढला नाही. शिवणवर्गातल्या सुया, दादाचा हट्ट, माझं लग्न... "हिचं काही जमतंय का?" बाबांनी विचारलं तेव्हा आईने वळून दाराकडे बघितलं आणि म्हणाली, "जमेलसं दिसतंय." बाबा हसले. दाराशी उभा असलेला माणूस जमिनीकडे बघत होता.

शेवटी बाबा म्हणाले, "झालं. आता तू बोल."

"उद्या दादाकडे चाललेय मी," आई म्हणाली. "तिथेही याल ना?"

कुठेतरी खुर्ची करकरली. स्क्रीनवरची की आईची, ते मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. मग स्क्रीन काळी झाली. आईने डोळे पुसले आणि विचारलं, "हे तिकडे दिसेल ना रे?"

"प्रत करून ठेवलीय, काकू," तो म्हणाला. "सगळ्या जागांसकट."

मी त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेले. पाऊस ओसरला होता. दोन पायऱ्या उतरून तो थांबला आणि वळला.

"एक सांगायचं होतं. मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवशी चादर बघितली तेव्हापासून." त्याचा हात कठड्यावर एकदा सरकला, परत जागेवर आला. "झालं... आता तू बोल."

मग तो खरोखरच गप्प राहिला. मी मनात सेकंद मोजत होते. वरच्या पत्र्यावरून थेंब पडत होते, त्याची मान डावीकडे कललेली होती. ती जागा मी भरायची घाई केली नाही.

"चार दहाला येत जा," मी म्हटलं. "रोज."