शंभरानंतरची ओळ

पुराच्या छावणीच्या यादीचा प्रोग्राम मी सी या जुन्या संगणकभाषेत लिहिला, याचं ऑफिसात सगळ्यांना हसू यायचं. हसू देत. सांगलीजवळच्या एका शाळेत छावणी होती. होडीनं आलेल्या माणसाची नोंद झाली, की न आलेल्यांच्या यादीतून त्याचं नाव जायचं. प्रोग्राम डेटाबेसकडून एकेक नाव मागून छापतो. नावं संपली की शंभर हा आकडा येतो. आधी शंभर तपासायचा, मग छापायचं. नवशिके उलट करतात आणि शेवटचं नाव दोनदा छापून बसतात. मी नवशिकी नव्हते.

दुपारी चारला होडीवाल्या केरबानं शेवटच्या खेपेत आपल्या आईला, चंद्राबाईला आणलं. मी यादी काढली; आता कुणीच उरलं नसायला हवं होतं. शंभर आला. तरीही कागदावर एक ओळ उमटली: आकाराम.

हे नाव डेटाबेसात नव्हतंच.

"आकाराम कोण?"

"आमचं मालक," चंद्राबाई म्हणाली. "मागच्या पुरात ग्येलं. घावलं न्हाईत."

"प्रोग्राम चुकलाय," मी म्हणाले. तो चुकला नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटत होती.

निवृत्त सुभेदार उदयसिंहांनी कागद घेतला. त्यांच्या गावात घरटी एक फौजी. छावणीचा कारभारही हजेरीवरच चालायचा.

"गैरहजेरीत नाव हाय तवर होडी बांधायची न्हाई."

"साहेब, पाणी चढतंय. केरबाला पाठवू नका."

केरबानं वल्हं उचललंसुद्धा होतं. "बघून येतो, आये."

"जाऊ नगंस रं," चंद्राबाई म्हणाली.

तो गेला. मी तो कागद आधीच फाडायला हवा होता. उगाच सगळ्यांसमोर नाव विचारत बसले.

दोन तासांत पाणी शाळेच्या तिसऱ्या पायरीला लागलं. सहाला होडी आली. केरबा एकटाच उतरला, आणि मला रडूच फुटलं.

"कुणी न्हवतं?" सुभेदारांनी विचारलं.

त्यानं नुसती मान हलवली.

खात्रीसाठी मी यादी पुन्हा काढली.

शंभर आला.

आकारामचं नाव गेलं होतं. त्या जागी एक ओळ होती: केरबा.

मी वर पाहिलं. तो दारात निथळत उभा होता.

चंद्राबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि सतरंजीवर सरकून जागा केली.

"लय वर्सं लावलीसा," ती म्हणाली.