फॉर्मवरचा नवा रकाना

लातूरच्या वधू-वर मेळाव्यात यंदा समितीतल्या कुणा हुशार माणसानं फॉर्मवर एक नवा रकाना घातला होता: लग्न का करायचंय? आता आली का पंचाईत. नाव-गाव-शिक्षण सगळे भराभर सांगत, अन् तिथं घोडं अडायचं.

"एवढा एक राहिलाय, मॅडम," टेबलामागं फॉर्म भरून घ्यायला बसलेला उमाशंकर शिवकन्येला म्हणाला. त्याच्याही छातीवर 'वर' असा बिल्ला होता.

"लिहा, वय झालं," तिची आई, महानंदाबाई म्हणाल्या.

"वय तर सगळ्यांचंच व्हायलंय, आई. ते काय कारण झालं?"

उमाशंकर खाली बघून हसला. ते हसणं शिवकन्येला आवडलं, उगीच खोटं कशाला बोला. "सकाळधरून चाळीस फॉर्म भरले," तो म्हणाला. "सगळ्यांचं वयच झालंय."

"आमच्या वेळंला कुठं होते असले रकाने?" महानंदाबाई म्हणाल्या. "माझ्या सासूला करून आणली, कारण तिच्या बापाची विहीर ह्यांच्या बांधाला लागून होती. मला दिली, कारण हिच्या पप्पांना पंचायत समितीत नोकरी लागली होती. झालेच की संसार."

शिवकन्या नांदेडला रक्तपेढीत नोकरीला. पगार स्वतःचा, स्कूटी स्वतःची. मग लग्न कशाला, हे तिचं तिलाच सांगता येत नव्हतं. आणि उत्तर तर आजच द्यायचं होतं. पुण्याचा रविकिरण आईला पसंत पडला होता, अन् त्याच्या घरच्यांना जेवणं उरकली की हो का नाही ते हवं होतं.

जेवताना रविकिरण सरळच म्हणाला, "दोघांचे पगार धरले तर फ्लॅटचं जमतं." माणूस वाईट नव्हता. विहिरीच्या जागी फ्लॅट आला होता, एवढंच.

हात धुऊन ती पुन्हा टेबलापाशी आली. "तुमचा फॉर्म कुठाय?"

"माझा? …राहू द्या."

"दाखवा की. माझा तर पाठ झाला असंल तुम्हाला."

त्यानं गठ्ठ्याच्या तळातून कागद काढला. उमाशंकर, उदगीर, पाण्याच्या मोटारींचं दुकान. नव्या रकान्यात लिहिलं होतं — दुकान बंद करून घरी गेल्यावर, दिवस कसा गेला ते कुणाला तरी सांगावं वाटतं.

नांदेडच्या खोलीवर परतल्यावर रोज शिवकन्येलाही हेच तर वाटायचं.

"मी नुसती ऐकत बसणार न्हाई," ती म्हणाली. "माझा बी दिवस असतोय."

"मग… आधी तुमचा," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

ती तडक आईकडं गेली. "पुण्याला नाही म्हणून सांग. मला तो टेबलापाशी बसलेला पसंत हाय."

"का गं?"

त्यानं काय लिहिलं होतं ते शिवकन्येनं शब्दाला शब्द सांगितलं. दुकान केवढं, शेत किती, यातलं महानंदाबाईंनी काहीएक विचारलं नाही.

"तीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "दिवस कसा गेला म्हणून तुझ्या पप्पांनी मला एकदा बी इचारलं न्हाई."

पदर सावरत त्या उठल्या. "चल. त्याची आई कोणची ते दाखव."