डिकीतली घर्रर्र-टण

घर्रर्र... टण!

“झालं हिचं सुरू!” दिनानाथकाकांनी स्टीअरिंगवर बुक्की मारली.

पाचूबंदरहून बोंबील घेऊन गाडी पापडीकडे निघाली होती. मागच्या सीटवर त्यांची पुतणी जागृती हिनं वहीत फुली मारली. शेजारच्या घरातल्या लेस्लीनं डिकीच्या बाजूला कान लावला.

“काका, सतरा वर्षांची म्हातारी ती, कण्हणारच!”

“तू गप रे! एका मेकॅनिकनं शॉकअप बदलले, दुसऱ्यानं बुश बदलले, आवाज आहे तिथंच! उद्या दहाला फुलपाड्याचा माणूस येतोय गाडी बघायला. मोठ्यानं भजन लावायचं, एक चक्कर मारायची आणि ही त्याच्या गळ्यात! तुम्ही तोंड उघडलंत तर बघा!”

जागृतीच्या वहीला दिवाळीच्या सुट्टीतही सुट्टी नव्हती. डाव्या पानावर गाडी, उजव्या पानावर माणसं. कोण कधी खोटं बोललं, सगळं तारखेनिशी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या उजव्या पानावर होतं: ‘नर्मदामावशीनं करंडा चोरला. पिंकी पण सामील?’

यमुनाकाकूचा माहेरचा, चांदीचा, लिंबाएवढा गोल कुंकवाचा करंडा! दसऱ्याच्या पूजेनंतर तो दिसेना. काकांनी नर्मदामावशीची पिशवी गेटवर उलटी केली. भाकरीचा डबा, गोळ्यांची पट्टी आणि पिंकीची तुटकी चप्पल रस्त्यात पडली. काकूनं पदर झटकायला लावला. अख्खी आळी बघत होती. अकरा वर्षं भांडी घासलेल्या त्या बाईला तेव्हापासून पापडीत कोणी कामाला बोलवेना.

तिची मुलगी पिंकी म्हणजे जागृती-लेस्लीच्या टोळीतली तिसरी. मैदानात पोरं तिला “ए करंडा!” म्हणून हाक मारू लागली, तशी ती यायचीच बंद झाली. पहिल्यांदा हाक मारली तेव्हा जागृतीही हसली होती. वहीत ही नोंद मात्र नव्हती.

घरी आल्यावर तिनं डावं पान वाचलं. “खड्ड्यात आवाज नाही. ब्रेक दाबला की एकदा. गाडी निघाली की पुन्हा एकदा.”

“मग शॉकअप कशाला बदलले? खड्ड्यात नको का वाजायला?” लेस्लीनं बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात गोटी टाकली, डबा सायकलच्या कॅरिअरला आडवा बांधला, सायकल जोरात पळवली आणि कचकन ब्रेक दाबला.

घर्रर्र... टण!

“काहीतरी गोल लोळतंय आत!” तो ओरडला. “कधीपासून गं?”

जागृतीनं पानं मागे उलटली. पहिली फुली होती दसऱ्याच्या संध्याकाळची. त्या दिवशी गाडीची पूजा होती! चार चाकांना कुंकू लावून काका थांबले नव्हते. “पाचवं रुसायला नको!” म्हणत त्यांनी डिकी उघडून स्टेपनीलाही टिळा लावला होता. आणि बाजूच्या जॅकच्या कप्प्याचं झाकण तर कधीचंच मोडलेलं!

ती धावत काकांकडे गेली. “काका, करंडा डिकीत आहे! उघडून बघा ना!”

काकांनी गाडीची किल्ली कपाटात कोंडली.

“आणि निघाला तर? आळीसमोर झडती घेतलीय मी! माझं तोंड कुठं लपवू? गाडी उद्या जातेय. विषय संपला!”

उद्या गाडीबरोबर नर्मदामावशीचा खरेपणाही फुलपाड्याला जाणार होता!

सकाळी दहाला जितेंद्र नावाचं गिऱ्हाईक आलं. गेटबाहेर लेस्लीनं पिंकीला आणि तिच्या आईला आणून उभं केलं होतं. जितेंद्र स्टीअरिंगवर बसला, शेजारी काका. जागृती आधीच मागे जाऊन बसली होती. भजन दणाणलं, गाडी गेटबाहेर पडली.

“काय गोड आवाज आहे नाही!” काका म्हणाले.

“गाडीचा याहून गोड आहे!” जागृतीनं पुढे वाकून भजन बंद केलं. “अंकल, मागून गाडी येत नाही. ब्रेक दाबा जोरात!”

घर्रर्र... टण!

“हे काय?” जितेंद्र दचकला.

“डिकी उघडा. काका नको म्हणतील, तरी उघडा.”

काका म्हणालेच, “नको, नको!” मग तर जितेंद्र उघडणारच! त्यानं गेटसमोरच डिकी उघडली, कप्प्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पोचे पडलेला करंडा बाहेर काढला.

“अगं बाई!” गेटपाशी उभी काकू पुटपुटली. “ह्यांनी टिळा लावला तेव्हा मीच इथं ठेवला होता.”

बघायला जमलेल्या आळीनं टाळ्या वाजवल्या. जितेंद्र म्हणाला, “मेकॅनिकलाही जमलं नसतं ते या पोरीनं केलं!” घामाघूम काकांनी चपळाईनं तिची पाठ थोपटली. “शेवटी पुतणी कुणाची!”

“नर्मदे, झालं गेलं विसर. उद्यापासून ये कामाला,” काकू म्हणाली.

“येन ना,” नर्मदामावशी शांतपणे म्हणाली. “पन आदी तुमची कपाटं हितं गेटावर खाली करा, सगल्यांसमोर. मना पन बघायचंय, तुमचे घरात कोनाकोनाचं काय हाय.”

टाळ्या थांबल्या. कुणीतरी फिस्सकन हसलं. काकांची मान खाली गेली.

पिंकीनं जागृतीच्या हातातली वही घेतली. डावं पान वाचलं. मग उजवं. जागृतीला वही ओढून घ्यावीशी वाटली, पण तिनं हात मागे घेतला.

“सगळं लिहितेस. एक राहिलंय,” पिंकी म्हणाली. “पेन दे.”

तिनं सुवाच्य अक्षरात एक ओळ लिहिली, वही परत दिली आणि आईचा हात धरून निघाली. मागे काका पुन्हा सांगू लागले, “आमची जागृती म्हणजे...”

जागृतीनं वाचलं: ‘मैदानात पिंकीला हसली: जागृती.’