अस्वलदरीतला पितळी गडवा

गोवर्धन भेदी होता की नव्हता, याचा एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा, म्हणून २००३च्या एप्रिलमध्ये तिघं जण सकाळीच अस्वलदरीकडे निघाले. नववीतली रविता, तिचा भाऊ लोकेंद्र आणि बहात्तर वर्षांचा कवडूआजा.

गोवर्धन कवडूचा बाप. तीस साली गावाने सरकारी रानातलं गवत कापून इंग्रजांचा कायदा मोडला, तेव्हा पोलिसांनी हातात नुसते विळे असलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या. तीन जखमी दरीतल्या गुहेत लपले. त्यात रविताचा पणजा. गोवर्धन त्यांच्यासाठी गडव्यात, म्हणजे पितळी तांब्यात, पाणी घेऊन गेला, तो परतलाच नाही. जखमी पकडले गेले आणि तुरुंगातच मेले. गावाने ठरवून टाकलं, की जागा दाखवून गोवर्धन पळाला! रविताचं घर तेव्हापासून कवडूच्या घराशी बोलत नव्हतं; दोघं भावंडं आज घरी न सांगताच आली होती. आता शाळेपुढे हुतात्म्यांच्या नावांचा दगड बसणार होता. त्यावर गोवर्धन नव्हता.

"पान्याचा गडवा लग्नातला होता, पोरी. नाव कोरलं होतं," कवडू म्हणाला. "गुहेत भेटला, तं बाप माहा पोचला होता."

"अन् नाई भेटला तं?" लोकेंद्रने विचारलं.

म्हाताऱ्याने पायांचा वेग वाढवला.

वाटेत मोहफुलांचा सडा पडला होता. आता झाडीपट्टीतला माणूस मोह दिसल्यावर वाकल्याशिवाय पुढे जाईल? रविताने ओढणीत गाठोडंच बांधलं.

"दुकान टाकतेस काय वो?" लोकेंद्र हसला.

चढण सरळ अंगावर आली. कातळ तव्यासारखे तापलेले, पायांखालून मुरूम घरंगळणारा. लोकेंद्र दोनदा घसरला, कवडूने दोन्ही वेळा त्याला मनगटाला धरून ओढलं! शेवटी गुहा लागली. आत वटवाघळांची घाण आणि काळोख. बॅटरीच्या उजेडात त्यांनी कोपरा न् कोपरा पाहिला. काही नाही.

कवडूने बॅटरी बंद केली. "चाला. खरंच बोलत होते लोक."

तेवढ्यात गुहेच्या तोंडाशी उजेड अडला.

अस्वल! नाक वर करून हुंगत होतं. तिघं मागे सरकले. आणखी मागे. रविता बॅटरीचा उजेड न पोचलेल्या एका अरुंद कपारीत घुसली. पाठीला थंडगार काहीतरी टोचलं. अस्वल आत आलं!

"मोह!" कवडू पुटपुटला. "पोरी, मोहाचा वास हाय त्याले. फेक!"

तिने गाठोडं सगळी ताकद लावून बाहेर भिरकावलं. ते उतारावरून गडगडलं, फुलं उधळली. अस्वल वळलं... आणि गेलं!

रविताने पाठीमागे हात घालून खेचलं. गडवा! हिरवा पडलेला पितळी गडवा. कवडूने धोतराने घासला, तसं नाव दिसलं. गोवर्धन. आणि पोटात, आरपार, गोळीचं भोक.

"पोचला होता वो बाप माहा. पोलिसाईनं त्यालेबी गोळी घातली," म्हातारा म्हणाला आणि पोरासारखा रडला.

संध्याकाळी रविताच्या आज्याने, कुंजीलालने, त्या भोकात बोट घालून पाहिलं. बराच वेळ बोट काढलंच नाही. मग सुनेला हाक मारली, "तुलसा, चार पाट मांड."

कवडू दारातच उभा राहिला.

"आता काऊन उभा राहून राहिला जी?" कुंजीलाल खेकसला. "ये नं भाऊ. भात थंडा होऊन राहिला."

कवडू आला, बसला, आणि तीनदा भात मागून घेतला!