एकही आकडा बरोबर नाही

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला आलेला माणूस समोरच्या पानाकडे बघतो. हा पठ्ठ्या मात्र तपासणाऱ्या मुलीकडेच बघत होता.

"बारा," तो म्हणाला. "आठ. एकोणतीस. पाच..."

ती पानं उलटत राहिली. रंगीत ठिपक्यांच्या गर्दीत एकेक आकडा दडलेला. तो ओळखता आला की रंग नीट दिसतात असं समजायचं. तो इतक्या झोकात सांगत होता की क्षणभर तिलाही कौतुक वाटलं. घोळ एवढाच होता की त्याच दिवशी सकाळी ते जुनं पुस्तक तिच्या हातून पडलं होतं. शिलाई उसवून पानं फरशीभर झाली होती, आणि तिने ती हाताला येतील तशी गोळा करून वर एक चिमटा लावला होता. बारा आता चौथ्या पानावर होता.

"छान," ती म्हणाली. "एकही बरोबर नाही."

"...एकही?"

"एकही. क्रम मात्र अगदी चोख. सकाळी पुस्तकाची पानं सुटली नसती तर शंभर टक्के पास झाला असतात. किती दिवस घोकलंत?"

त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा रुबाब उतरला. "आठवडा," तो म्हणाला. "मित्राने एकेक पान सांगितलं."

"निदान पानाकडे बघायचं नाटक तरी करायचं."

"मला तिथे नुसते ठिपके दिसतात हो. म्हटलं, बघायचंच आहे तर बघण्यासारखं काहीतरी बघावं..."

तिला राग यायला हवा होता. आलं हसू. मग तिने त्याचा अर्ज वाचला आणि हसू जागच्या जागी विरलं. इंजिन ड्रायव्हरच्या भरतीचा अर्ज होता तो, आणि खाली डोळे तपासणाऱ्याच्या सहीची जागा.

त्याच्या वडिलांना, म्हणजे अप्पांना, ती लहानपणापासून ओळखत होती. तीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलेला माणूस. चष्म्याचा नंबर वाढला की याच दुकानात यायचे, आणि हल्ली येतील तेव्हा एकच विषय: माझ्या जागी माझा मुलगा बसणार. गल्लीतल्या झाडून सगळ्यांना त्यांनी ते सांगून ठेवलं होतं.

"अगं, अप्पांचा मुलगा ना तो?" आतून तिच्या बाबांनी आवाज दिला. दुकान त्यांचंच. "सही करून टाक. घरचीच माणसं."

खरं तर तिथल्या तिथे 'नापास' लिहायचं आणि मोकळं व्हायचं. पण ती म्हणाली, "पुस्तकाची पानं सुटलीत, बाबा. उद्या परत तपासते." आणि आपण असं का म्हणालो, याचं उत्तर तिने स्वतःलाही दिलं नाही.

तो उद्या आला. परवाही आला. अप्पांच्या चष्म्याचा स्क्रू सैल झाला म्हणून आला, तो तिने घट्ट करून दिला, तर दुसऱ्या दिवशी तोच स्क्रू पुन्हा सैल.

"हा स्क्रू आपोआप सैल होत नाही," ती म्हणाली.

"होतो की. आमच्या घरची हवाच तशी आहे."

"स्क्रू-ड्रायव्हर घेऊन फिरते वाटतं ती हवा?"

"तुम्ही फार बारकाईने बघता बुवा."

"धंदाच आहे माझा."

चौथ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाहेर पाऊस भुरभुरत होता. मान खाली घालून चष्मा पुसता पुसता तिने विचारलं, "सिग्नल कसा ओळखणार होतात मग?"

"वरचा दिवा, खालचा दिवा, असं बघून. धुक्यात मात्र..." तो थांबला.

"तुमच्या मागे डब्यांतून आठशे माणसं बसलेली असतील."

"माहितीये. म्हणून तर झोप उडालीये." तो खिडकीशी गेला. "मला खरंच गाडी चालवायची होती हो. नुसत्या अप्पांसाठी नाही. लहानपणी त्यांच्या शेजारी उभा राहायचो ना... दुसरं काही सुचलंच नाही कधी."

तिने चष्मा खाली ठेवला. "मी सही करणार नाही," ती हळूच म्हणाली.

"मी मागणारही नाही. पण अप्पांना सांगायचं कोणत्या तोंडाने?"

सांगायची वेळ अप्पांनीच आणली. शनिवारी दुपारी ते कामाच्या गणवेशातच दुकानात शिरले, मागोमाग खाली मान घालून तो. अर्ज पोचवायची मुदत संध्याकाळी संपत होती.

"एका सहीला पाच दिवस?" अप्पा म्हणाले. बाबांनी लगबगीने तिच्या हातात पेन दिलं. "कर बाई. इतक्या वर्षांची ओळख आहे आमची."

"नाही, बाबा."

ती एवढंच म्हणाली. पुढचं बोलायचं होतं त्याने, आणि ती त्याच्याकडे बघत थांबून राहिली.

"अप्पा, मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत," तो म्हणाला. "कधीच दिसले नाहीत. मी आकडे पाठ करून आलो होतो. हिने पकडलं."

अप्पांनी काउंटरवरचं पुस्तक ओढलं आणि एक पान त्याच्यासमोर धरलं. "हा काय आहे?"

"दिसत नाही."

"हा?"

"नाही, अप्पा."

पाच पानं झाली. दर पानाला अप्पांचा आवाज खाली खाली येत गेला. सहावं पान त्यांनी उलटलंच नाही. टोपी काढून ते खुर्चीत बसले.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सगळ्या गल्लीला सांगून बसला होतात."

अप्पांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "धुक्यात मी स्वतः एकदा थोडक्यात वाचलोय," ते तिला म्हणाले. "धड दिसत असून. पोरी, तू सही केली असतीस तर आज मी तुला आशीर्वाद दिले असते... आणि नंतर जन्मभर शिव्या." मग मुलाकडे वळून, "रागावलोय मी. दोन-चार दिवस बोलणार नाही तुझ्याशी. त्यानंतर बघू काय करायचं ते."

"चालेल. पण त्याआधी एक राहिलंय, अप्पा."

"आता आणखी काय दिसत नाही तुला?"

"दिसतं," तो म्हणाला. त्याचे कान तापले होते, पण आवाज ठाम होता. "ही दिसते. डोळे मिटले तरी दिसते. खरं बोलायला बसलोच आहे, तर हेही बोलून टाकतो."

बाबा खोकले. अप्पांनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी अप्पांकडे. "अगं, तू तरी काही बोल," बाबा म्हणाले.

तिने अर्ज पुढे ओढला, 'नापास' असं ठळक लिहिलं आणि खाली सही केली.

"हे मी पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं, बाबा," ती म्हणाली. "पानं सुटली होती, हे खरं. पण तपासणी तेव्हाच झाली होती. लिहिलं असतं तर... हा दुसऱ्या दिवशी आला नसता."

त्याने अर्ज उचलला, तो शब्द नीट वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

"मग आता यायचं, तर कारण काय सांगू?"

"कारण कशाला हवं?" ती म्हणाली. "ये."