चौकटीबाहेरचा घास

आमच्या निलेशच्या मुलीचं बारसं झालं, ते साल दोन हजार तेवीस. भाड्याने आणलेला पाळणा अजून परत गेला नव्हता, तेवढ्यात ह्यांना झटका आला. हे म्हणजे माझे मालक. गिरणी बंद पडल्यावर भांडुपलाच एका कारखान्यात वॉचमन होते. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू उचलता येऊ लागला, बोलणं जड झालं तरी कळत होतं. उजवा हात मात्र मांडीवर टाकलेल्या ओल्या फडक्यासारखा पडून असायचा.

ह्यांचा सगळा तोरा जेवण्यात. पेडव्यासारख्या बारक्या माशाचे काटे एका हाताने असे काढायचे, की सांगाडा अख्खा बाजूला यायचा. डावा हात कधी ताटाजवळ आला नाही. आता मी त्या हातात चमचा दिला की तोंड फिरवायचे.

"ह्या हातान जेवू? डोक्यार पडलंस काय गो?"

भरवायला गेले तर दात मिटून घ्यायचे. वाटी ओठांना लावली तर पेज तेवढी प्यायचे, तीही डोळे बंद करून. डॉक्टरांनी नळीचं नाव काढलं तेव्हा रडले. हात सुधारला नाही तर हा माणूस उपाशी मरणार, हे मला तेव्हाच दिसत होतं.

व्यायाम करून घ्यायला विनी यायची. मरोळच्या गावठाणातली, बडबडी पोर.

"काकू, काका पक्के उजवे ना? मग बारीकसारीक काम सगळं मेंदूच्या डाव्या बाजूकडे, आणि मार बसलाय तिथेच. म्हणून डावा हातपण जरा गडबडतो बघा. आपण त्या मेंदूला उल्लू बनवायचं."

तिने निलेशकडून बेसिनवरचा आरसा उतरवून घेतला. टेबलावर ह्यांच्या छातीसमोर मधोमध तो दोन हातांमधल्या भिंतीसारखा उभा केला, काच डावीकडे. उजवा हात आरशामागे लपला, डावा पुढे राहिला. आरशात पाहिलं की डावाच उजवा दिसायचा. डाव्याने मूठ उघडली की वाटायचं, उजव्याने उघडली.

"काय काका, हिरो परत आला की नाही?"

हे हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच.

"रोज करा हां," विनी म्हणाली. "हाताला सवयीचं काम द्या."

ह्यांच्या हाताला सवयीचं काम एकच. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आरशापुढे ताट ठेवलं. भात आणि पेडव्यांचं लालभडक तिखलं. ह्यांनी डावा हात ताटावर नेला, पण टेकवला नाही. अन्नाला तो हात लावणं ह्यांच्याने होईना. हवेतच बोटं हलवत राहिले, भात कालवतात तशी. नजर आरशात.

आरशातला हात भातात उतरला होता.

मी वाकून पाहिलं. इकडे बोटं आणि भात यांच्यात वीतभर जागा. तिकडे बोटं तिखल्यात बुडून लाल. अंगठ्याने माशाची पाठ दाबली, काटा सुटला. घास झाला, हात वर गेला आणि चौकटीबाहेर दिसेनासा झाला. खाली आला तेव्हा बोटं रिकामी होती.

ह्यांचं तोंड हललं नव्हतं. जरा वेळाने ढेकर आला.

"पोट भरला," म्हणाले.

इकडचं ताट जसंच्या तसं.

निलेशला सांगितलं. "आई, आरसा तिरका असेल गं. तू आधी चष्मा बदल." विनी आली की आरशात दिसायला हवं तेच दिसायचं.

हे पेजही घेईनात. रोज आरशासमोर बसायचे, रोज पोट भरायचं. एकदा पुसायला म्हणून मी आरसा उचलला. मागे, त्या पडलेल्या उजव्या हाताजवळ, टेबलावर माशाचा सांगाडा होता. अख्खा, स्वच्छ, ओला. ताटातल्या माशाला कुणी बोट लावलं नव्हतं.

सांगाडा फेकला. आरसा बेसिनवर परत टांगला.

दुपारी ह्यांना भूक लागली. इतक्या दिवसांची, एकदम. पोट धरून ओरडू लागले, तशी चाळीतली माणसं दारात जमली. मी घास पुढे केला. ह्यांनी आ केला, आपणहून. पण घास गळ्याखाली उतरेना. तसाच बाहेर आला. पाणीसुद्धा. इस्पितळात घशात काही दोष नाही म्हणाले. नळी घातली, ती ह्यांनी डाव्या हाताने उपसून काढली. शेवटी घरी आणलं.

"आरसो लाव गो," हे म्हणायचे. "पाया पडतंय तुझ्या."

मी लावला. ओरडणं थांबलं.

डावा हात आता काटकीसारखा झाला होता. आरशात त्याचंच रूप दिसायला हवं. पण तो हात भरला होता. मनगट गुबगुबीत, नखं गुलाबी, बोटांवर तकाकी.

"कोण जेवतंय?" मी विचारलं.

हे आरशाकडे झुकले.

"हात माझो हा," म्हणाले. "तोंड कोणाचा, ता दिसणा नाय."

त्यानंतर मी कुणाला काही सांगितलं नाही. ताजे पेडवे आणत होते, ताट वाढत होते.

संक्रांतीनंतरच्या बुधवारी हे असेच बसले होते. मान खांद्यावर कलली. डावा हात ताटावरून घसरून मांडीत पडला. मी धरला. गार होता.

आरशात ताट दिसत होतं.

हात भात कालवत होता.

मी उठले नाही. कुणाला हाक मारली नाही. जेवणाऱ्याला मध्येच उठवत नाहीत.

तिकडचं ताट रिकामं झालं. मग त्या हाताने ताटाची कड बोटाने वाजवली. हे कधी असं मागत नसत.

इकडचं ताट भरलेलंच होतं. मी त्यावर आणखी भात वाढला.

सगळं आटोपल्यावर निलेशला फोन केला.

भाऊराव धोंडू घाडी, राहणार टेंबीपाडा, भांडुप, सतरा जानेवारी दोन हजार चोवीस रोजी दुपारी भरल्या ताटावर गेले.